मदत हवी आहे: मागच्या सीटवर हेल्मेट सतत हादरतं, काय करावं?

नमस्कार. आम्ही दोघं मोटरसायकलने लांब लांब जातो. नवरा चालवतो, मी मागे बसते. ताशी ६५ पर्यंत काही त्रास नसतो. ८० च्या आसपास गेलं की माझं हेल्मेट डावी-उजवीकडे हादरायला लागतं. नुसता जोराचा वारा असता तर चाललं असतं, मान जरा पुढे रेटून धरली की तो सोसता येतो. पण हे कोणीतरी दर क्षणी वेगळ्या बाजूने टपल्या मारल्यासारखं आहे. रस्त्याकडेची पाटी वाचायला जावं तर अक्षरं दोन-दोन दिसतात. तासाभरात मान आखडते, कान गच्च होतात आणि उतरल्यावरही बराच वेळ डोक्यात घूं घूं चालू राहतं.

नवऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही. उंच विंडशील्ड बसवल्यापासून त्याला उलट फार शांत वाटतं, आणि माझा त्रास तेव्हापासूनच वाढलाय. शोधलं तर जिथेतिथे चालवणाऱ्यासाठीच उपाय सांगितलेले. मागे बसणाऱ्याचं कोणी काही लिहीतच नाही.

सीट दोन टप्प्यांची आहे, त्यामुळे मी त्याच्यापेक्षा चांगली चार-सहा बोटं उंच असते. मागे टॉप बॉक्स (सामानाची पेटी) आहे. माझं हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, वर पीक (कपाळावरून टोपीसारखी पुढे आलेली कड) असलेलं. एक गोष्ट लक्षात आली: त्याच्या पाठीआड डोकं खाली घेतलं की हादरणं थांबतं, आणि फुटरेस्टवर जोर देऊन थोडी उठले तरीही थांबतं. नेहमीसारखं बसलं की परत सुरू. पण वाकून किंवा उठून किती वेळ बसणार?

आणखी उंच विंडशील्ड घ्यावं, की जुनंच परत लावावं? विंडशील्डच्या वर लागणाऱ्या डिफ्लेक्टरचा (हवा वळवणाऱ्या छोट्या पट्टीचा) मागच्याला उपयोग होतो का? की दोष हेल्मेटचाच आहे?

प्रतिसाद १

ताई, वाकल्यावरही थांबतं आणि उठल्यावरही थांबतं, हे तुम्ही नेमकं टिपलंय. निम्मं निदान त्यातच झालं. विंडशील्डच्या वरच्या कडेवरून हवा सुटते तेव्हा वर वेगवान सरळ झोत असतो आणि खाली, विंडशील्डच्या आड, कमी दाबाची मंद हवा. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात भोवरे तयार होतात, आणि मागे जाईल तसा हा पट्टा जाड होत जातो. तुमचे यजमान कडेच्या जवळ आहेत, ते पट्ट्याखाली सुटतात. तुमचं डोकं आणखी मागे आणि वर, म्हणजे बरोब्बर भोवऱ्यांत. त्यांच्या हेल्मेटवरून आणि खांद्यांवरून सुटलेले भोवरे वेगळेच. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ६५ वरून ८० वर गेलं की तो जवळपास दीडपट होतो.

म्हणून आणखी उंच विंडशील्ड लगेच घेऊ नका. तुमच्याही डोक्यावरून हवा जाईल एवढं उंच केलं तर त्यांना रस्ता विंडशील्डमधूनच बघावा लागेल. रात्री पावसात ते धोक्याचं आहे. शिवाय आडव्या वाऱ्यात गाडी जास्त ढकलली जाईल.

आधी हवा कुठे कशी वाहते ते डोळ्यांनी बघा. लोकरीचे वीतभर तुकडे चिकटपट्टीने विंडशील्डच्या कडेला, त्यांच्या खांद्यांवर आणि हेल्मेटच्या मागे लावा. मोकळ्या सरळ रस्त्यावर तुम्ही मागून फक्त धागे बघायचे. मागे ताणलेला धागा म्हणजे सरळ वाहणारी हवा. गरगरणारा किंवा उलटा पुढे येणारा धागा म्हणजे भोवरा.

मग विंडशील्डच्या खालून हवा येऊ द्या. माझ्या मते सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. बोल्टमध्ये स्पेसर (मधे अंतर ठेवणाऱ्या छोट्या नळ्या) घालून विंडशील्ड बोटभर पुढे घ्यायचं. खालून आलेली हवा आतली कमी दाबाची पोकळी भरून काढते आणि भोवऱ्यांचा जोर ओसरतो. बोल्ट त्या मानाने लांब घ्या, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे अडत नाही ना ते नक्की तपासा. तेवढ्याने भागलं नाही तर डिफ्लेक्टर, पण त्याच्या आणि विंडशील्डच्या मधे फट राहते असाच घ्या. जुनं विंडशील्ड असेल तर तेही एकदा लावून बघा. वारा जास्त लागेल, पण सरळ लागेल.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. हेल्मेटचं पीक काढून बघा, बहुतेक हेल्मेटांचं स्क्रूने निघतं. मग हेल्मेट घालून, हातांनी धरून ते डावी-उजवीकडे फिरवा. गालांची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट नुसतंच सरकत असेल तर जाड गालपॅड लागतील. टॉप बॉक्सला टेकून बसू नका, दोघांमधलं अंतर जितकं कमी तितकं बरं.

आणि कानांकडे दुर्लक्ष नको. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज तासन्‌तास ऐकणं घातक असतं, आणि हायवेच्या वेगात हेल्मेटच्या आत आवाज सहज त्याच्या वर जातो. कान गच्च होणं हीच त्याची खूण. फोमचे इअरप्लग वापरा, हॉर्न तरीही ऐकू येतो. काही ठिकाणी गाडीवर ते घालायला मनाई असते, तेवढं बघून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. धागे लावून पाहिले. नवऱ्याच्या हेल्मेटमागचा धागा चक्क पुढे येऊन त्याच्याच मानेवर आपटत होता, खांद्यांवरचे गरगरत होते. पीक काढलं, स्पेसर घातले. आता ९५ पर्यंत पाटी नीट वाचता येते. इअरप्लगने तर डोकं दुखायचं थांबलंच.

पण खालच्या फटीतून येणारा गार वारा आता नवऱ्याच्या छातीवर बसतो, आणि तो तक्रार करत नसला तरी मला ते दिसतंय. फट थोडी कमी करून वर डिफ्लेक्टर लावला तर दोघांचंही भागेल का? कोणी असं करून पाहिलंय का, आणि मागे काय फरक पडला?