मदत हवी आहे : बैठकीच्या ध्वनिमुद्रणात दर तीन-चार सेकंदांनी ‘टिक्’ असा आवाज येतो

गिरणगावचा कान
नमस्कार. मागच्या रविवारी दादरला एका घरगुती बैठकीचे ध्वनिमुद्रण केले. त्यात दर तीन-चार सेकंदांनी बारीक ‘टिक्’ ऐकू येते. ठेका सुरू झाल्यावर ते लपते, पण आलापात कानाला टोचते. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती सॅम्पल, म्हणजे मोजमापे, घ्यायची तो आकडा, हजारांत) ४८ ठेवला होता, ऑप्टिकल केबल नवी आहे आणि बफरही (लॅपटॉप आवाज तात्पुरता साठवतो ती जागा) वाढवून पाहिला. येत्या शनिवारी पार्ल्यात दुसरी बैठक असल्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास बरे होईल.

रात्रपाळी
बफर १०२४ वर न्यावा. माझ्या लॅपटॉपवर असाच त्रास होता आणि तो त्यानेच थांबला.

मंद्र पंचम
बफर वाढवून पाहिल्याचे त्यांनी लिहिले आहे. शिवाय बफर अपुरा पडल्यास आवाज कसाही, केव्हाही तुटतो. तो इतक्या नेमाने टिकटिकत नाही. पण ऑप्टिकल केबल नेमकी कशाला जोडली होती? इंटरफेसला (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या उपकरणाला) आणखी एखादे उपकरण जोडलेले दिसते, आणि त्याविषयी आपण काहीच लिहिलेले नाही.

गिरणगावचा कान
ते लिहायचे राहिले का? इंटरफेस लोकलमध्ये खांद्यावरच्या पिशवीत नेता येईल एवढा लहान आहे, त्याला दोनच माइक लागतात. म्हणून आठ माइकांचा प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे उपकरण) ऑप्टिकल केबलने जोडला होता. त्याच्यावरही ४८ च निवडले होते.

मंद्र पंचम
दोन प्रश्न. इंटरफेसचा क्लॉक सोर्स (सॅम्पल मोजण्याची चाल कोठून घ्यायची ती निवड) ‘इंटरनल’, म्हणजे स्वतःचाच, होता का? आणि जे माइक थेट इंटरफेसला लावले होते, त्यांच्या ट्रॅकवरही टिक् येते का?

गिरणगावचा कान
दोन्ही उपकरणे इंटरनलवर होती, कारण ती तशीच येतात. गायकाचा माइक थेट इंटरफेसला होता आणि त्याचा ट्रॅक आता एकटा ऐकला तर तो स्वच्छ निघाला! टिक् फक्त तबला, हार्मोनियम आणि तानपुऱ्यांवर आहे.

मंद्र पंचम
मग दोष केबलचाही नाही आणि लॅपटॉपचाही नाही. दोन्हीकडे ४८ निवडले, तरी प्रत्येक उपकरण स्वतःच्या घड्याळातल्या स्फटिकाच्या चालीने ४८,००० मोजते, आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे चालत नाहीत. साडेतीन सेकंदांत १,६८,००० सॅम्पल होतात; तेवढ्यात एका सॅम्पलचा फरक पडला, की इंटरफेसला एक सॅम्पल गाळावे तरी लागते किंवा दोनदा घ्यावे तरी लागते, आणि तीच आपली टिक्. प्रीअँप इंटरनलवरच राहू द्यावा आणि इंटरफेसचा क्लॉक सोर्स ‘ऑप्टिकल’ करावा. तबलजी दोन असले तरी ठेका एकानेच धरायचा असतो.

रात्रपाळी
मी तर स्वतंत्र वर्ड क्लॉक (सगळ्या उपकरणांना एकच चाल देणारे उपकरण) घ्यायला सांगेन. लॅमिंग्टन रोडला ७५ ओहमच्या केबलीही मिळतात.

मंद्र पंचम
दोन उपकरणांसाठी तिसरे कशाला? इतक्या लहान इंटरफेसवर वर्ड क्लॉकचे सॉकेट बहुधा नसतेच.

तारसप्तक
मूळ चूक ४८ निवडण्यात आहे. मी नेहमी ९६ वर मुद्रण करतो आणि तंबोऱ्याची जवारी (तारांचा झंकार) त्यातच खुलते.

मंद्र पंचम
जवारीचा वाद वेगळ्या धाग्यावर घालू. ९६ वर त्याच ऑप्टिकल केबलमधून आठऐवजी चारच चॅनेल येतात, हे मात्र त्यांना आधी कळायला हवे.

जुना टेपवाला
सीडीच्या सॅम्पल रेटचा ४४.१ हा विचित्र आकडा कुठून आला, हे नव्या लोकांना ठाऊक नसते. त्या काळी डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत, आणि प्रत्येक फील्डमध्ये (अर्ध्या चित्रात) २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येक ओळीत ३ सॅम्पल असा गुणाकार केला की ४४,१०० येतात.

गिरणगावचा कान
माहिती छान आहे, पण माझा शनिवार जवळ येतो आहे. क्लॉक ऑप्टिकलवर नेताच टिक् थांबली, त्याबद्दल मनापासून आभार. आता नवेच संकट उभे राहिले आहे. घरी चाचणीसाठी काळी चारमध्ये (चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) पेटी वाजवली, ती ऐकताना पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मध्येच कुठेतरी लागते, आणि लयही रेंगाळते.

रात्रपाळी
पेटी ट्यूनरवर तपासली आहे का? मुंबईच्या दमट हवेत सूर उतरतात.

मंद्र पंचम
पेटीला दोष देऊ नये. सूर साधारण दीड अर्धस्वर उतरला आणि लयही सैल झाली, याचा अर्थ ४८ वर घेतलेले ४४.१ च्या चालीने वाजते आहे. नवा प्रोजेक्ट ४४.१ चा उघडला असणार. क्लॉक बाहेरून येऊ लागला, की सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. प्रीअँप म्हणेल तोच रेट. काही इंटरफेस अशा वेळी इशारा देतात, आपला देत नसावा. चाचणीची फाइल ऑडॅसिटीत (ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडून ट्रॅकच्या मेनूतला रेट ४८,००० करावा. तेथे ‘रीसॅम्पल’ (सॅम्पल नव्याने मोजणे) करू नये, नाहीतर उतरलेला सूर तसाच पक्का होईल.

गिरणगावचा कान
प्रोजेक्ट ४४.१ चाच होता. रेट बदलताच पेटी काळी चारवर आली. रविवारच्या मुद्रणाचे काही करता येईल का?

मंद्र पंचम
गायकाच्या ट्रॅकला हातच लावू नका. तानपुरे आणि हार्मोनियमवर डी-क्लिक (टिक् शोधून काढणारे सॉफ्टवेअरमधले साधन) चालवा; तबल्यावर मात्र नको, कारण ते टिक् आणि चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ यांत फारसा भेद करत नाही. तबल्यावरच्या ज्या टिक् ठेक्यात लपत नाहीत, तेवढ्याच तरंग मोठा करून सॉफ्टवेअरमधल्या पेन्सिलने हाताने पुसा.

गिरणगावचा कान
विलंबितातल्या पहिल्या दहा मिनिटांत अशा एकतीस निघाल्या. आज रात्री बसतो. शनिवारी निघण्यापूर्वी दोन्ही उपकरणे जोडून अर्धा तास मुद्रण करून पाहीन आणि इथे कळवीन.