'नाटू'ला मराठीत काय म्हणायचं? गावठी की गावरान?

सीमेवरचा मास्तर
गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात मराठी शिकवतो. नदीपल्याड तेलंगण. वर्गातल्या बऱ्याच पोरांच्या घरी तेलुगू चालते, शाळेत मराठी आणि मोबाइलवर हिंदी.

दहावीला निबंध दिला होता, 'भारतीय चित्रपट आणि जग'. एका पोरीनं 'आरआरआर' या तेलुगू सिनेमातल्या 'नाटू नाटू' गाण्यावर लिहिलं. मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळाला, भारतीय सिनेमातल्या गाण्याला मिळालेला हा पहिलाच, वगैरे सगळं बरोबर. ('जय हो'चा सिनेमा ब्रिटिश निर्मितीचा होता, हेही तिनं कंसात टाकलं होतं.) पुढं लिहिलं, 'नाटू म्हणजे गावठी.' मी त्यावर लाल रेघ मारली, वर 'गावरान' लिहिलं आणि अर्धा गुण कापला.

दुसऱ्या दिवशी पोरगी वही घेऊन हजर. "सर, आमच्या घरी कोंबडी पण नाटू न दारू पण नाटू. तुम्ही कोंबडीला गावरान म्हणता न दारूला गावठी. मग गाणं कोंबडीत धरायचं का दारूत?"

मला उत्तर सुचलं नाही. जाणकारांनी सांगावं.

पऱ्हाटी
मास्तर, पोरगी वकील होईल.

आमच्या यवतमाळकडं बोलण्यात 'गावरान' फारसं नाहीच, 'गावरानी' आहे. गावरानी तूर, गावरानी बोरं, गावरानी आंबा, गावरानी कापूस. अर्थ एवढाच की बी घरचं, दुकानातून आणलेलं नाही. माझ्या लहानपणी या शब्दाला काही भाव नव्हता. उलट संकरित वाण आला तेव्हा 'अजून गावरानीच पेरता का?' असं विचारणारा माणूस शहाणा समजला जाई. पुढं बीटी आली, गावरानी कापूस शेतातून गेला, घरोघरी बॉयलर कोंबडी आली आणि मग या शब्दाला किंमत चढली. आज बाजारात पाय बांधलेली लाल कोंबडी घेऊन बसलेली बाई 'गावरानी हाय' एवढंच म्हणते, पुढं भाव करायची सोय नसते.

'गावठी'चं नशीब उलटं. अर्थ मुळात तोच, गावचा, गावात झालेला. पण पेपरात तो कुठं दिसतो बघा. गावठी दारू, गावठी कट्टा, गावठी बॉम्ब. पोलिसांच्या पंचनाम्यातून तो शब्द आपल्याकडं परत आला. म्हणून माणसाला गावठी म्हटलं की शिवी होते. त्याच्याही खाली 'गावंढळ', तो तर कोंबडीलाही लागत नाही, फक्त माणसालाच लागतो.

माझं मत विचाराल तर हे दोन वेगळे अर्थ नाहीतच. वस्तू तीच असते, बोलणारा कुठं उभा आहे एवढाच फरक. विकत घ्यायची असली की गावरान, हसायचं असलं की गावठी. तेलुगूनं ही वाटणी केलेली दिसत नाही. पोरीचं चुकलं नाही, तुमची लाल शाई घाईत चालली.

बोडीकाठ
माझी शंका वेगळी आहे. आमच्या भंडाऱ्याकडं धानाच्या रोवणीला कधी तेलंगणातले मजूर भेटले तर ते 'नाटू', 'नाट्लू' असं काही म्हणतात. मी इतके दिवस समजत होतो की गाण्यात रोवणीच आहे! चिखलात पाय आपटून नाचल्यासारखंच तर आहे ते.

सीमेवरचा मास्तर
बोडीकाठ, उच्चार एक, शब्द दोन. रोवणं या क्रियापदालाही तेलुगूत 'नाटु' म्हणतात. गाण्यातला 'नाटु' हा 'नाडु'च्या घरातला, म्हणजे मुलूख. तमिळनाडूतला नाडू तोच. तमिळमध्येही देशी कोंबडीला 'नाट्टु कोळि' म्हणतात. म्हणजे शब्दशः 'मुलखाची'. तुमचा रोवणीचा अर्थ चूक आहे, पण पुन्हा गाणं पाहिलं तर आता मलाही धानाचे परे, म्हणजे रोवायची रोपंच दिसणार.

वर्ध्याची ताई
मग 'देशी' का नको? मुलूख म्हणजे देश. सगळ्यात जवळचं तेच.

पऱ्हाटी
ताई, वर्धा काय, गडचिरोली काय, दारूबंदीचे जिल्हे. तिथं 'देशी देशी' म्हणत नाचून बघा, किती लोक कुठून मिळते म्हणून विचारायला येतात ते.

बोडीकाठ
😀 आमच्याकडं बंदी नाही, तरी अर्थ तोच होतो.

माझं भांडण दुसऱ्याच शब्दाशी आहे. कुठल्याही मराठी सिनेमाला परदेशात बक्षीस मिळालं की लिहिणारे लिहितात, 'मातीतला सिनेमा'. मी एकदा असाच लेख घरी मोठ्यानं वाचत होतो. आई धान पाखडत होती. तिनं सूप थांबवलं न विचारलं, "कोनाच्या मातीले जाऊन रायला रे?" आमच्याकडं मातीला जाणं म्हणजे कुणाला पोचवायला जाणं. शब्द चांगलाच आहे, पण शहरात बसून लिहिताना तो फार स्वस्त पडतो. इथं दिवाळी ते होळी झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, रात्र रात्र नाटकं चालतात, वडशाला नाटकमंडळांची रांग लागते, बैलांच्या पटाच्या, म्हणजे शर्यतीच्या गर्दीत मंडप भरतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तीही याच रंगभूमीमुळं. आम्ही कुणी त्याला 'मातीतलं नाटक' म्हणत नाही. नुसतं नाटक म्हणतो. 'मातीतला' हे विशेषण मातीपासून लांब असणाऱ्यालाच लागतं.

रेला
मी गोंड आहे, म्हणून थोडं बाजूचं लिहितो. सिनेमातलं ते गाणं कोमरम भीमच्या पात्राच्या तोंडी आणि पायात आहे. कथा कल्पित आहे, पण खरा भीम गोंड होता. निजामाशी लढला, १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला. तो मुलूख आज आसिफाबाद जिल्ह्यात येतो, आमच्या गडचिरोली-चंद्रपूरला लागून. आमची सोयरीक आहे तिकडं. आमचा नाच रेला, हात गुंफून, गोल. तो त्या गाण्यात नाही, आणि नसला म्हणून माझी तक्रारही नाही, पोरांसोबत मीही नाचलो त्यावर.

पण गंमत बघा. गोंड माणसाचा नाच तेलुगूत आला, त्याचं चित्रण २०२१ मध्ये युक्रेनमधल्या कीव्हच्या राजवाड्यासमोर झालं, आणि अमेरिकेत लोक त्याला बॉलिवूड म्हणू लागले. दिग्दर्शक राजामौलींना तिथं सांगावं लागलं की हा बॉलिवूडचा नाही, दक्षिणेतला तेलुगू सिनेमा आहे. त्यांनी सांगितलं ते बरंच केलं. आमच्यासाठी तेवढं सांगणारा अजून कुणी उभा राहिला नाही. तेव्हा 'नाटू'चा अर्थ 'मुलखाचा' असेल तर कुणाच्या मुलखाचा, हेही त्या पोरीला विचारा.

वर्ध्याची ताई
भाऊ, हे मनात आलंच नव्हतं.

शब्दाचाच विषय आहे तर एक भर घालते. ऑस्करच्या ज्या गटात आपला देश दर वर्षी एक सिनेमा पाठवतो, त्याचं नाव आधी 'परकीय भाषेतला चित्रपट' असं होतं. २०१९ मध्ये ते बदलून 'आंतरराष्ट्रीय' केलं. 'परका' गेला म्हणून बरं वाटलं. पण त्याच वर्षी नायजेरियाचा सिनेमा बाद झाला, कारण त्यात बोलणं बहुतेक इंग्रजीत होतं. पाटी बदलली, उंबरठा तोच. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 'कोर्ट' हे आपले तीन मराठी सिनेमे भारतातर्फे त्याच दारापर्यंत गेले. 'कोर्ट'मधले शाहीर झालेले वीरा साथीदार आपल्याकडचेच, नागपूरचे.

सीमेवरचा मास्तर
ताई, घरातला उंबरठाही काही कमी नाही. २०२४ मध्ये 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री हे बक्षीस मिळालं. मुंबईतल्या मल्याळी परिचारिकांची गोष्ट, मल्याळम, हिंदी, मराठी सगळं त्यात, आणि छाया कदम शेवटी कोकणात आपल्या गावी परत जाते. भारतातर्फे ऑस्करला मात्र तो गेला नाही, 'लापता लेडीज' गेला. निवड समितीकडून कारण असं आलं की तो भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटतो. 'लापता लेडीज' मलाही आवडला, प्रश्न तो नाही. पण तीन भाषांत बोलणाऱ्या बायका ज्यांना भारतीय वाटल्या नाहीत, त्यांनी माझा वर्ग बघावा. तिथं रोज तेच चालतं.

पऱ्हाटी
मास्तर, म्हणजे कोंबडी गावरानीच होती, पण बाजारसमितीनं बॉयलरमध्ये टाकली.

सीमेवरचा मास्तर
तसंच म्हणा. आता मूळ मुद्दा. आज वर्गात फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले आणि रेलाभाऊंचा प्रश्नही. पोरगी म्हणाली, "सर, गावठीच ठेवा. गाण्यात तो गोरा त्यांना गावठी समजून हसतो, म्हणूनच तर ते नाचतात. गावरान लिहिलं तर हसणारा माणूसच निघून जातो." मुलखाचं काय, विचारलं तर म्हणाली, घरी आजोबांना विचारून सांगते.

अर्धा गुण परत दिला. लाल रेघ खोडता आली नाही, तिच्या बाजूला सही केली.

पऱ्हाटी
बरं केलं. ते राहू द्या, सिरोंच्याच्या बाजारात गावरानी कितीले चालू हाय सध्या?