गायमुखच्या उतारावर वळणात मागचं चाक घसरतं, मदत हवी आहे

ठाणे१५०: बाईक १५० सीसी, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला, मागे ड्रम ब्रेक. घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर डाव्या वळणात मागचा ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन (फिरायचं थांबून) उजवीकडे सरकतं. ब्रेक सोडला तर गाडी शेजारच्या लेनमध्ये, ट्रककडे जाते. टायर चांगले आहेत. काय बदलू?

दुसरागिअर: वेग वळणाआधीच, गाडी सरळ उभी असताना उतरवा. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, उतारावर आणखीनच. मागचं चाक हलकं पडतं, त्यात ते वळण्यासाठीही पकड वापरत असतं. मग जरा जास्त पाय पडला तरी लॉक. पुढच्या एबीएसचा त्याला उपयोग नाही.

मुख्य काम पुढच्या ब्रेकचं. दोन बोटांनी लिव्हर ओढा, ब्रेक पॅड डिस्कला टेकू द्या, पुढचे शॉकअप दबू द्या, मग दाब वाढवा. मागच्यावर पाय हलकाच. दुसरा गिअर वळणाआधी टाका आणि क्लच हळू सोडा. झटक्यात सोडला तरी मागचं चाक घसरतं. क्लच दाबून उतरू नका, इंजिनचा ब्रेक जातो. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, त्यामुळे ब्रेकची सुरुवात वाटते त्याच्या बरीच आधी हवी.

पारसिक: लाईनही बघा, म्हणजे वळणात गाडी कुठून न्यायची ते. डाव्या वळणात आपल्याच लेनच्या उजव्या भागातून शिरा आणि वळणाचा शेवट दिसल्यावरच आत या. लवकर आत घुसलं की बाहेर पडताना गाडी उजवीकडे जाणारच. डावं हँडल पुढे ढकला, गाडी डावीकडे झुकते. नजर ट्रकवर नको, जायचंय तिकडे ठेवा.

ठाणे१५०: तरीही वळणात वेग जास्त वाटला तर?

पारसिक: थ्रॉटल झटक्यात बंद करू नका. हँडल आणखी ढकला. बहुतेक वेळा गाडी अजून झुकू शकते, आपणच घाबरून थांबतो. थांबावंच लागलं तर आधी गाडी सरळ करा, मग ब्रेक. मागचं चाक लॉक होऊन बरंच आडवं गेलं असेल तर मागच्या ब्रेकवरचा पाय एकदम सोडू नका. टायर अचानक पकड घेतो आणि स्वार उलट्या बाजूला फेकला जातो. हे घसरून पडण्यापेक्षा वाईट.

ठाणे१५०: आणि पावसात?

दुसरागिअर: सगळं आधी आणि हळू. डिझेलचा चट्टा, लेनचा पांढरा पट्टा, पुलाच्या लोखंडी जोडावर झुकलेल्या गाडीने ब्रेक नको. हवा टायर थंड असताना, कंपनीच्या स्टिकरप्रमाणे भरा. मागच्या ब्रेक पेडलचा प्लेही (ब्रेक धरायच्या आधी पेडल जितकं मोकळं खाली जातं ते अंतर) मोजा. ड्रमला साधारण २० ते ३० मिमी लागतो, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. जास्त आवळला असेल तर जरा पाय टेकला तरी चाक धरतं.