विषय: झेवियर युनिव्हर्सिटी – कोणाला माहिती आहे का?

मंडळी, नमस्कार.

आमच्या थोरलीला न्यू ऑर्लिन्सच्या झेवियरमध्ये प्रवेश मिळालाय. पुढे फार्मसीच करायची म्हणते. साताऱ्याला फोन केला तर बाबांचे लागोपाठ दोन प्रश्न: हे मुंबईच्या झेवियर्सवाल्यांचंच का, आणि तिथे धर्माची काही सक्ती आहे का? आम्ही टेक्सासहून नुकतेच इथे आलोय. संस्था छोटी आहे, कॅथलिक आहे आणि मूळची कृष्णवर्णीय मुलांसाठी काढलेली, याच्या पलीकडे आम्हाला काही ठाऊक नाही. इथे जुने असलेल्यांनी कृपया सांगावं.

– मेटरीहून, मंडळात नवीन

---

वहिनी, लेकीचं मनापासून अभिनंदन!

आधी बाबांचा पहिला प्रश्न. मुंबईचं कॉलेज जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने, १८६९ साली काढलं. आपल्या शहरात जेझुइटांचं आहे ते लोयोला विद्यापीठ. झेवियर त्यांचं नव्हे. नाव मात्र त्याच संत फ्रान्सिस झेवियरांचं, ज्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे. आपल्या गोव्याकडच्या मंडळींचे 'गोंयचो सायब' ते हेच.

ही संस्था उभी केली एका जोगिणीने, कॅथरीन ड्रेक्सेलने. फिलाडेल्फियाच्या बँकर घराण्यातली मुलगी, जन्म १८५८. १८८७ मध्ये ती पोप तेरावे लिओ यांना भेटली आणि अमेरिकेतल्या आदिवासींसाठी मिशनरी पाठवा अशी विनंती केली. पोप म्हणाले, तूच का होत नाहीस? चार वर्षांनी, १८९१ मध्ये, तिने स्वतःचा संघ स्थापन केला, तोही केवळ आदिवासी आणि कृष्णवर्णीय यांच्यासाठी काम करायला.

न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीय कॅथलिक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, पण त्यांच्या मुलांना कॅथलिक कॉलेजची दारं बंद होती. मॅगझिन स्ट्रीटवर सदर्न युनिव्हर्सिटीची इमारत होती. ती संस्था १९१४ मध्ये बॅटन रूजजवळ हलवली गेली आणि रिकामी झालेली वास्तू कॅथरीनने विकत घेतली. १९१५ मध्ये तिथे हायस्कूल सुरू झालं, मग शिक्षक घडवणारे वर्ग, १९२५ मध्ये पूर्ण कॉलेज, १९२७ मध्ये फार्मसी. म्हणजे तुमची लेक ज्या विभागात जायचं म्हणते तो जवळजवळ कॉलेजइतकाच जुना आहे. आत्ताच्या जागेत ते १९३२ मध्ये आले. आय-१० महामार्गावरून जाताना हिरव्या छपरांच्या इमारती दिसतात ना, त्याच.

पैशाची गोष्ट लोकांना फारशी ठाऊक नसते, म्हणून सविस्तर लिहितो. वडील १८८५ मध्ये गेले तेव्हा सुमारे दीड कोटी डॉलर मागे होते. दहावा हिस्सा लगेच धर्मादाय संस्थांना गेला आणि बाकीचा ट्रस्टमध्ये. तिन्ही मुलींना त्याचं फक्त उत्पन्न मिळायचं. मुली निपुत्रिक वारल्या तर मूळ रक्कमही मृत्युपत्रात नावं असलेल्या त्याच संस्थांकडे जायची होती. कॅथरीनचा संघ वडिलांच्या पश्चात स्थापन झालेला, त्यामुळे त्या यादीत त्याचं नाव असणं शक्यच नव्हतं. बहिणी आधी गेल्या, सगळं उत्पन्न हिच्याकडे आलं. आयुष्यभरात तिने जवळपास दोन कोटी डॉलर शाळा-कॉलेजांवर खर्च केले. ३ मार्च १९५५ ला, वयाच्या ९६ व्या वर्षी, ती वारली आणि त्याबरोबर तो झराही आटला. २००० साली चर्चने तिला संतपद दिलं. पण मला तिचं मोठेपण यात दिसतं की आपल्यानंतर यातला पैसा राहणार नाही हे माहीत असूनही तिने हात आखडला नाही.

पुढे संस्था तगली त्याचं मोठं श्रेय नॉर्मन फ्रान्सिस यांना जातं. लाफायेटच्या न्हाव्याचा मुलगा, इथलाच १९५२ चा पदवीधर. १९६१ च्या मे महिन्यात बसमधला वर्णभेद मोडायला निघालेल्या फ्रीडम रायडर्सना अलाबामात मारहाण झाली. ते विमानाने इथे आले तेव्हा शहरात त्यांना कोणी हॉटेल देईना. फ्रान्सिस तेव्हा मुलांच्या विभागाचे डीन होते. त्यांनी जोगिणींची परवानगी काढली आणि त्यांना कॉलेजच्या वसतिगृहात ठेवून घेतलं. ४ एप्रिल १९६८ ला त्यांनी अध्यक्षपद स्वीकारलं. त्याच दिवशी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. तेव्हापासून २०१५ पर्यंत, ४७ वर्षं, ते एकाच खुर्चीत होते. कॉलेजजवळच्या रस्त्याला पूर्वी गुलामगिरीवाल्या राज्यांच्या अध्यक्षाचं, जेफरसन डेव्हिसचं नाव होतं. आता तो नॉर्मन फ्रान्सिस पार्कवे आहे. तिथून गेलं की मला दरवेळी बरं वाटतं.

सक्तीबद्दल: अभ्यासक्रमात थिऑलॉजी आणि तत्त्वज्ञान असतं, ते मात्र करावं लागतं. बहुतेक विद्यार्थी कॅथलिक नाहीतच. बाबांनी निश्चिंत असावं.

– लेकव्ह्यूचे काका

---

काका, फार छान लिहिलंत. वहिनी, मी दवाखान्याच्या फार्मसीत काम करते आणि माझ्या सोबतच्या कितीतरी जणी झेवियरच्या, म्हणून अभ्यासाचं थोडं सांगते.

देशात सर्वात जास्त कृष्णवर्णीय डॉक्टर घडवणाऱ्या कॉलेजांत हे तीनेक हजार मुलांचं कॉलेज पहिल्या रांगेत आहे. सत्तरच्या दशकात रसायनशास्त्राचे प्राध्यापक कारमायकल यांनी घडी बसवली: सगळ्या तुकड्यांना एकच अभ्यास, सतत चाचण्या, आणि मुलांनी गट करून एकमेकांना शिकवायचं. कच्च्या शाळेतून आलेल्या मुलाला गाळायचं नाही, वर आणायचं. माझ्या सोबतिणी आजही एखाद्या नवख्या मुलीला औषधाचं गणित अडलं की हातातलं काम ठेवून शेजारी बसतात. ही सवय तिथली आहे.

कतरीना चक्रीवादळात २००५ मध्ये सगळं आवार पाण्याखाली गेलं, शेकडो जण अडकले होते. तरी २००६ च्या जानेवारीत वर्ग भरले आणि तीन-चतुर्थांशांच्या आसपास मुलं परत आली. त्यानंतर कतारच्या सरकारने एक कोटी पंचाहत्तर लाख डॉलर दिले. फार्मसीची नवी इमारत त्यातूनच झाली, तिच्या नावातही कतार आहे. जोगिणींच्या कॉलेजला मुस्लिम देशाची मदत, हेही बाबांना जरूर सांगा.

एक व्यवहाराची गोष्ट. संस्था खासगी आहे, फी कमी नाही. आर्थिक मदतीचा अर्ज उशिरापर्यंत ठेवू नका आणि फार्मसीच्या आधीच्या दोन वर्षांत कोणते विषय लागतात ते आत्ताच विचारून घ्या. आवार बघायला जाल तेव्हा २०१२ चं चॅपलही बघा. क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर ज्यांनी केले त्याच सेझर पेली यांचा आराखडा आहे. शनिवारी मला सुट्टी असते, लेकीला घेऊन या, मी येते सोबत.

– केनरहून