जपान शरण आला तो बॉम्बमुळे की रशियामुळे?

गोदाकाठ
ऑगस्ट उजाडला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'दोन अणुबॉम्ब टाकले आणि महायुद्ध संपलं.' परवा लेकीला समजावताना मीही तेच बोलून गेलो आणि रात्रभर चुटपुट लागून राहिली. कारण तारखा वेगळं सांगतात.

हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला. पुढचे दोन दिवस टोकियोत सर्वोच्च युद्ध परिषद, म्हणजे युद्धाचे निर्णय घेणारे सहा मंत्री आणि सेनाप्रमुख, बसलीसुद्धा नाही. ९ तारखेला मध्यरात्र उलटताच रशियन फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात (ईशान्य चीनमध्ये) घुसल्या आणि त्याच सकाळी परिषदेचे सहाही जण एकत्र आले. शहरं बेचिराख होणं जपानला नवं नव्हतं. मार्चमध्ये एका रात्रीत टोकियो जळलं, लाखाच्या आसपास माणसं गेली, तरी सरकार हललं नाही. रशिया मात्र त्यांची शेवटची आशा होती. परराष्ट्रमंत्री तोगो जुलैभर मॉस्कोतल्या राजदूताला, सातो यांना, तारा करत होते की रशियाला मध्यस्थीची गळ घाला. सातो उलट कळवत होते, यातून काही निघणार नाही. ८ ऑगस्टला रशियाचे परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांनी सातोंना भेट दिली, ती युद्ध पुकारल्याचं ऐकवण्यासाठी. जपानची कंबर मोडली ती तिथे, असं माझं ठाम मत आहे.

अबोली_के
अजिबात पटलं नाही. सम्राटाचं १५ ऑगस्टचं भाषण काढून वाचा. त्यात शत्रूच्या नव्या, अत्यंत क्रूर बॉम्बचा उल्लेख आहे. रशियाचं नावही नाही. शिवाय तोगो ८ तारखेला सम्राटाला भेटले तेव्हा रशिया युद्धात उतरलेला नव्हता. तरी युद्ध लवकरात लवकर थांबवायला हवं, असं सम्राटाने त्या भेटीतच सांगितलं होतं. याचं काय करणार?

गोदाकाठ
८ तारखेची भेट मान्य. पण १७ ऑगस्टला सम्राटाने सैनिकांसाठी वेगळं फर्मान काढलं. त्यात रशिया आहे, बॉम्ब नाही. जनतेला एक कारण सांगितलं, सैन्याला दुसरं. मग एकट्या १५ तारखेच्या भाषणावर कसं विसंबायचं?

पायवाट
तुम्ही दोघं बाहेरून काय आदळलं तेवढंच मोजताय. आत काय चाललं होतं तेही बघा ना. रशिया आलेला, नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडल्याची बातमी ९ तारखेची बैठक चालू असतानाच पोचलेली, तरी सहा जणांत तीन विरुद्ध तीन! पंतप्रधान सुझुकी, तोगो आणि नौदलमंत्री योनाई यांची अट एकच, सम्राटपद राहू द्या. युद्धमंत्री आनामी, भूदलप्रमुख उमेझु आणि नौदलप्रमुख तोयोदा यांना आणखी तीन अटी हव्या होत्या: शस्त्रं आम्हीच खाली ठेवू, खटले आम्हीच चालवू, आणि परक्या फौजा शक्यतो आमच्या भूमीवर नकोत. शेवटी त्या रात्री राजवाड्याच्या भुयारी खोलीत सुझुकींनी सम्राटालाच कौल विचारला. पंतप्रधानाने असं करणं ही तिथे न घडणारी गोष्ट होती.

तरी संपलं नाहीच. १४ च्या रात्री सम्राटाचं भाषण तबकडीवर घेतलं गेलं आणि ते प्रसारित होऊ नये म्हणून काही तरुण अधिकाऱ्यांनी राजवाडाच ताब्यात घेतला. अंधारात खोल्यान् खोल्या उपसल्या. तबकड्या एका लहानशा तिजोरीत होत्या, त्या काही त्यांच्या हाती लागल्या नाहीत. युद्धमंत्री आनामी बंडात सामील झाले नाहीत, पहाटे त्यांनी पोट चिरून जीव दिला. ते बंडाच्या बाजूने उभे राहिले असते तर ना बॉम्बने युद्ध थांबलं असतं, ना रशियाने. मला तरी तसंच वाटतं.

अबोली_के
आनामींबद्दल बरोबर आहे. पण ते सहा जण खल करत होते तेव्हा चीनमध्ये, ब्रह्मदेशात, कैद्यांच्या छावण्यांत रोज माणसं मरत होती. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांशी लढलेले. ऑगस्ट ४५ मध्ये भारतीय तुकड्या मलायावर उतरायच्या तयारीत होत्या. सप्टेंबरात उतरल्या तेव्हा समोर लढायला कोणी नव्हतं. आजोबा म्हणायचे, 'त्या महिन्यात आमची किती पोरं वाचली ते आम्हालाच ठाऊक.' हिरोशिमाचे फोटो मलाही बघवत नाहीत. तरी आजोबांचं ते बोलणं मी बाजूला सारू शकत नाही.

गोदाकाठ
आजोबांपुढे मी वाद घालणार नाही. पण एक सांगा. जपानला शरण यायला सांगणाऱ्या पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांनी सम्राटाचं घराणं राहू शकेल असं सुचवलं होतं. ते वाक्य २६ जुलैला जाहीर करताना गाळलं. शेवटी सम्राट राहिलाच! तेच वाक्य जुलैत ठेवलं असतं तर?

अबोली_के
तर तोगोंच्या हाती बळ आलं असतं, हे मानते. पण आनामींच्या उरलेल्या तीन अटी तशाच राहिल्या असत्या. त्या त्यांनी ९ तारखेला, नागासाकीची बातमी ऐकूनही सोडल्या नाहीत, मग जुलैत कशाला सोडतील?

पायवाट
आणि १५ ऑगस्टला सगळीकडे संपलं, असंही म्हणू नका. १८ तारखेला रशियन सैन्य कुरील बेटांतल्या शुमशूवर उतरलं. सम्राटाचं भाषण ऐकलेले सैनिक तिथे त्यानंतरही लढून मेले.