ओपियम डिव्हान, ओपियम फार्म, ड्रॉस: मराठीत काय लिहायचं?

कोरा_कागद:

मंडळी, एक मदत हवीये. हाँगकाँग आणि सिंगापूरमधल्या इंग्रजी अमदानीतल्या अफूच्या कायद्यांवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात पानोपानी 'लायसन्स्ड ओपियम डिव्हान' येतं, म्हणजे गिऱ्हाइकानं यायचं, आडवं व्हायचं, अफू ओढायची आणि जायचं अशी परवान्याची जागा. सध्या 'अफूचा अड्डा' लिहिलंय पण खटकतंय. 'ओपियम फार्म'ला 'अफूची शेती' लिहिलं तर पुढच्या वाक्याचा अर्थच लागत नाही. शिवाय 'सॅनिटरी रेग्युलेशन' आणि ओढून झाल्यावर नळीत उरणारा 'ड्रॉस' आहेतच. सुचवा प्लीज.

जुनी_वही:

ताई, पहिलं म्हणजे 'अड्डा' काढून टाका. अड्डा म्हटलं की आपल्या डोक्यात धाड येते, मागच्या दारानं पळणारी माणसं येतात, चोरून चाललेला मामला येतो, आणि तुमच्या लेखातल्या जागा बरोबर याच्या उलट होत्या. सरकारचा परवाना, आत ओढला जाणारा माल सरकारनं नेमलेल्या मक्तेदाराचा आणि पुढे तर थेट सरकारी कारखान्यातला. 'अड्डा' लिहिलंत की सगळा दोष आत पडलेल्या हमालाच्या आणि रिक्षा ओढणाऱ्याच्या गळ्यात पडतो आणि त्याच्या व्यसनावर महसूल उभा करणारं सरकार वाक्यातून गायब होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की या विषयात आपल्याकडचे जुने महसुली शब्द वापरावेत, त्यांत सरकार दिसतं.

'ओपियम फार्म'चंच बघा. हे फार्म म्हणजे शेत नव्हे, आणि 'ओपियम फार्मर' शेतकरी तर अजिबात नव्हे. ठरावीक मुदतीसाठी ठरावीक रक्कम सरकारला भरायची आणि त्या मुलखात ओढायची अफू तयार करून विकायचा एकट्याचा हक्क घ्यायचा, ही पद्धत. याला आपल्याकडे मक्ता, इजारा, गुत्ता असे तीन तीन शब्द तयार आहेत. गुत्ता म्हटलं की आज पुण्या-मुंबईकडे दारूचं दुकानच आठवतं, पण शब्द मूळचा ठेक्याचा, मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. ठेका आणि दुकान दोन्ही एका शब्दात आलं. तरी लेख गंभीर आहे म्हणून मी 'अफूचा मक्ता' आणि 'मक्तेदार' घेईन, मक्तेदारी हा शब्द वाचकाला रोजचाच आहे. सिंगापुरात हा मक्ता १९०९ च्या अखेरपर्यंत चालला, १९१० पासून सरकारनंच अफू शिजवून विकायला घेतली. हाँगकाँगात मक्ता १९१४ पर्यंत होता. सिंगापूर-पिनांग-मलाक्का वसाहतीत कित्येक वर्षं निम्म्याच्या आसपास महसूल एकट्या अफूतून यायचा, त्यामुळे 'मक्ता' हा शब्द तुमच्या लेखाचा कणाच समजा, तिथे 'शेती' झाली तर पुढचं सगळं कोसळेल.

आता डिव्हान. हा आपलाच दिवाण आहे, फार हिंडून आलेला. फारसीत आधी हिशेबाची वही, मग कचेरी, मग त्या कचेरीचा मुख्य म्हणजे दिवाणजी, तिथूनच दिवाणी दावा, आणि बसायची जागा म्हणून दिवाणखाना. इंग्रजीत तो शिरला तो गाद्यागिरद्यांची बैठक या अर्थानं, १८२८ साली लंडनमध्ये स्ट्रँडवर 'ग्रँड सिगार डिव्हान' नावाची धूम्रपानाची जागाच निघाली होती. हाच अर्थ घेऊन शब्द हाँगकाँगला पोचला. पण म्हणून मराठीत 'अफूचा दिवाण' लिहू नका. एक तर वाचकाला फर्निचर वाटेल किंवा मंत्री, आणि दुसरं म्हणजे अफूच्या इतिहासात खरेखुरे दिवाण आहेत. अफूची चौकशी करायला १८९३ साली नेमलेल्या रॉयल कमिशनवर जुनागढचे दिवाण राहिलेले हरिदास विहारीदास देसाई सभासद होते. लेखात कमिशनचा उल्लेख आला तर दोन दिवाण एकमेकांत अडकतील.

मी 'परवान्याचा चंडूखाना' लिहीन. चंडू म्हणजे खास ओढण्यासाठी तयार केलेली अफू. कच्ची अफू पाण्यात विरघळवायची, उकळायची, गाळायची, परत आटवायची, शेवटी काकवीसारखा काळा दाट पाक राहतो तो चंडू. ओढणारा कुशीवर आडवा होतो, बाजूला छोटा दिवा, सुईच्या टोकावर चंडूचा थेंब घेऊन दिव्याच्या आचेवर फिरवत फिरवत फुगवायचा, गोळी जमली की नळीच्या तोंडाशी बसवायची आणि ज्योतीवर धरून झुरका घ्यायचा. गोळी दोनचार झुरक्यांत संपते, मग परत सुई, परत दिवा. यासाठी आडवं व्हायला फळी आणि उशाला काहीतरी लागतंच, म्हणून ही जागा दारूच्या दुकानापेक्षा वेगळी. मदक निराळं, त्यात अफूच्या पाकात भाजलेला पाला मिसळून गोळ्या करतात. मदकला मदत असंही म्हणायचे. गंमत वाटेल पण हे दोन्ही शब्द समुद्रापलीकडेही आहेत, मलयमध्ये चंदू आणि मदात, आणि इंडोनेशियात आज कोणाला मोबाइलचं व्यसन लागलं तरी त्याला 'कचंदुआन' म्हणतात, आत चंदू बसलेलाच. सिंगापुरात सरकारी चंडू कारखान्याजवळच्या टेकडीचं नावच बुकित चंदू. म्हणजे तुमच्या लेखातल्या गावांना हा शब्द परका नाही.

दर्यावर्दी:

चंडूखाना ठीक आहे पण हिंदीत थापांना 'चंडूखाने की गप' म्हणतात ना, त्यानं शब्दाला टवाळीचा वास येतो. आणि मुंबईत असे परवानेवाले होते का? असले तर तेव्हाचा मराठी शब्दच घ्यावा की.

जुनी_वही:

दादा, टवाळीचा वास हिंदीत आहे, मराठी वाचकाला तेवढा येत नाही, आणि आधी 'परवान्याचा' जोडला की जातोच.

मुंबईत होते. अफू आपल्याकडे १८७८ च्या कायद्याखाली, खातं अबकारी. मुंबईचा आणि अफूचा संबंध तर त्याहून जुना, माळव्याची अफू इथूनच जहाजावर चढून चीनला जायची, जमशेटजी जीजीभाईंची मोठी कमाई त्या व्यापारातली, आणि ईस्ट इंडिया कंपनीला चुकवायचं असेल तर माल पोर्तुगीजांच्या दमणहून मकावला जायचा. पण तुमच्या प्रश्नापुरतं महत्त्वाचं साल १८९१. त्या वर्षी सरकारनं परवान्याच्या दुकानात बसून चंडू-मदक ओढायला बंदी केली. बंदी झाली म्हणून ओढणारे थांबले नाहीत, खाजगी खोल्यांत जमायला लागले आणि रॉयल कमिशनपुढे या खाजगी बैठकांची भरपूर चर्चा झाली. म्हणजे मुंबईपुरतं १८९१ च्या आधी 'चंडूखाना' आणि नंतर 'अड्डा' हे दोन्ही शब्द बरोबर आहेत. हाँगकाँगला हीच रेघ १९१० ची. मे १९०८ मध्ये लंडनच्या पार्लमेंटनं वसाहतींतले चंडूखाने बंद करण्याचा ठराव केला, गव्हर्नर लुगार्ड होते, आणि १९१० पर्यंत तिथले परवान्याचे चंडूखाने बंद झाले. मात्र दुकानातून घेऊन घरी ओढायला मोकळीक होती, माल विकणं चालूच राहिलं. तेव्हा ताई, वाक्य कुठल्या सालाचं आहे ते बघून शब्द निवडा, सगळीकडे एकच ठोकू नका.

कोरा_कागद:

हे सालाचं फार उपयोगी पडलं, थँक्यू. सॅनिटरीचं सांगा ना. 'आरोग्यविषयक नियम' चालेल?

जुनी_वही:

इथे मी जरा आग्रही आहे. 'आरोग्यविषयक' लिहिलंत की वाचकाला वाटेल ओढणाऱ्याच्या तब्येतीची काळजी होती. त्या काळातलं सॅनिटरी म्हणजे मुख्यतः जागेची सफाई: हवा, उजेड, गटार, गर्दी, भिंतीला चुना. हाँगकाँगमध्ये १८८२ साली ऑस्बर्ट चॅडविकनं घरांच्या आणि गटारांच्या अवस्थेवर रिपोर्ट दिला, १८८३ मध्ये सॅनिटरी बोर्ड आलं, १८९४ मध्ये ताइपिंगशानच्या दाट वस्तीत प्लेग झाला आणि मग दारोदार तपासणी, धुवाधुवी, चुना. दोन वर्षांनी तोच प्लेग मुंबईत मांडवीला उतरला आणि आपल्या आजे-पणज्यांनीही तोच चुना आणि तेच फिनेल बघितलं, 'सॅनिटरी इन्स्पेक्टर' हा शब्द मराठीत जसाच्या तसा राहिला तो या नगरपालिकांच्या कारभारातून. चंडूखाना हा या नजरेला आणखी एक कोंदट, गर्दीची खोली. एका फळीवर शेजारी शेजारी माणसं, एकच नळी तोंडातोंडात फिरते, क्षयाचा माणूस खोकतोय, हे सगळं खरंच भयंकर होतं आणि तपासणी व्हायलाच हवी होती. पण खोली झाडून घेतली, चुना मारला, तरी नळीत जे जळतंय ते तसंच राहतं, आणि ते विकणारा वरचा मालकच तपासणीला माणूस पाठवतो. म्हणून 'स्वच्छतेचे नियम' लिहा. नियमानं जेवढं केलं तेवढंच शब्दानं सांगावं, जास्तीचं श्रेय देऊ नये.

माणसांबद्दलचे नियम वेगळे काढा, ते सॅनिटरीत कोंबू नका. ११ फेब्रुवारी १९२५ च्या अफूवरच्या जिनिव्हा करारात अज्ञान मुलांना चंडूखान्यात शिरू द्यायचं नाही आणि चंडूखान्यांची संख्या होईल तितकी मर्यादित ठेवायची अशी कलमं आहेत. तिथे 'प्रवेशाचे नियम' म्हणा. अल्पवयीन म्हटलं तरी चालेल, कायद्याच्या जुन्या मराठीत 'अज्ञान' आहे पण आजचा वाचक त्याचा अर्थ भलताच घेईल.

दर्यावर्दी:

आणि ड्रॉस? राख?

जुनी_वही:

राख नको. राख फेकून देतात, आणि ड्रॉस तर विकला जायचा. नळीच्या बोंडात, म्हणजे गोळी बसवतात त्या भागात, आतून जो काळा थर धरतो तो खरवडून काढायचा, त्यात मॉर्फिन भरपूर उरलेलं असतं, मग तो परत उकळून नव्या चंडूत मिसळायचा किंवा तसाच स्वस्तात विकायचा. ज्याला चांगला चंडू परवडत नाही तो हे ओढायचा, नाहीतर गिळायचा, आणि त्याची तब्येत सगळ्यात लवकर जायची. जिनिव्हाच्या करारात याचं वेगळं कलम आहे, खरेदी-विक्री बंद, फक्त सरकारी मक्तेदारीला परत विकता येईल. आपल्या १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यातही ओढायला तयार केलेल्या अफूबरोबर ओढून झाल्यावर उरलेला ड्रॉस धरलाय, म्हणजे तो बाळगणं आजही गुन्हाच. मराठीत 'खरवड' लिहा ताई. दुधाच्या पातेल्याची माहीत असते सगळ्यांना, त्यामुळे ती खरवडून काढतात आणि टाकत नाहीत हे न सांगता कळतं. पहिल्यांदा 'चंडूची खरवड' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं खरवड पुरे.