बटाटा, निगेटिव्ह आणि रात्रीचं ‘काहीतरी’ : लहान मुलांचे फोटो काढतानाचे (आणि नंतर जेवतानाचे) अनुभव

खिडकीतला उजेड

काल माळा आवरायला घेतला आणि बिस्किटांच्या डब्यात जुन्या निगेटिव्ह सापडल्या, म्हणजे फिल्मच्या पट्ट्या, ज्यात पांढरं काळं आणि काळं पांढरं दिसतं. माळा तसाच राहिला, हे सांगायला नकोच.

एक पट्टी खिडकीशी धरली. दोनेक वर्षांचा मुलगा. केस पांढरेशुभ्र, चेहरा काळा, हातात पांढुरक्याच्या ऐवजी काळाकुट्ट गोळा. दोन मिनिटं कळेचना. मग आठवलं, बटाटा!

तेव्हा घरातली पुढची खोली म्हणजे स्टुडिओ, मागे स्वयंपाकघर, मध्ये पडदा. हे पोर आलं तेच रडत. छत्री लावलेला फ्लॅश बघून आणखी रडलं. खुळखुळा झाला, टाळ्या झाल्या, मी मांजर झालो, कुत्रा झालो. ३६ च्या रोलमधल्या ३१ फ्रेम गेल्या. आई घामाघूम, बाबा घड्याळाकडे बघतायत आणि आत माझ्या रात्रीच्या जेवणाचे बटाटे उकळतायत. गॅस बंद करायला पडदा सारला तर हा एकदम गप्प. बोट दाखवून म्हणाला, “ते.”

बटाटा सोलला, फुंकून गार केला, मिठाचं बोट लावलं, दिला हातात. तो खिडकीखाली फतकल मारून बसला. मी फ्लॅश बंद केला, पोटावर आडवा झालो. ५० मिमीची लेन्स, तिचं तोंड बऱ्यापैकी उघडं (एफ २.८), शटर १/१२५ सेकंद. उरलेल्या पाच फ्रेम सावकाश काढल्या. पाचही फ्रेममध्ये त्याला माझ्याशी काही देणंघेणं नाही. नाकाला बटाटा, खालच्या ओठावर बटाटा, नजर बटाट्यावर. मला वाटलं, आपण आज जन्माचं काम केलं.

आईने मोठा करून घेतला तो १२ नंबरचा. रडका. म्हणाली, “हा घरी असाच दिसतो हो.”

त्या रात्री बटाटा कमी पडला म्हणून शिळ्या ब्रेडचे तुकडे परतून घातले. बरं लागलं. पुढे कित्येक वर्षं शूटच्या दिवशी माझं जेवण हेच, घरात असेल ते एका कढईत.

तर लिहा. फोटो काढणाऱ्यांनी, काढून घेणाऱ्यांनी, आणि रात्री साडेदहाला फ्रीज उघडून नुसतं उभं राहणाऱ्यांनीही.

चिमूटभर

फुगे आणले होते. पहिलाच फुगा फुटला. संपलं शूट.

झोपाळू मांजर

बाराव्या नंबरला टाळ्या. आईला बरोबर कळलं होतं.

दुसरी बॅच

मोबाइलवरून टंकतेय, चुका समजून घ्या.

मी नवजात बाळांचे फोटो काढते. पहिल्या दोन आठवड्यांत बाळं गाढ झोपतात, अंगाची मुटकुळी करतात, म्हणून सगळ्यांना तेव्हाच हवे असतात. खोली २७-२८ अंशांवर ठेवायची, कारण बाळ उघडं. बाळाला छान वाटतं, मी निथळत असते. तीन तासांत बाळ चारदा दूध पितं. मी? पाण्याची बाटली गाडीत राहिलेली असते.

आणि एक, हात जोडून. ते हनुवटी दोन्ही हातांवर टेकवून बसलेलं बाळ दिसतं ना, बेडकासारखं? ते तसं बसत नाही. एका फोटोत मी किंवा आईने डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं, आणि दोन्ही फोटो जोडून हात पुसलेले असतात. घरी करून बघू नका. एका बाबांनी करून बघितलं होतं आणि मला अभिमानाने व्हिडिओ पाठवला होता. माझा जीव अर्धा झाला.

जेवणाचं म्हणाल तर परवाचंच. अकरा वाजता घरी. सकाळचा गार भात, एक अंडं. सॉसची बाटली रिकामी, तिच्यात पाणी घालून खळबळून तेच ओतलं. नवरा म्हणाला, “हे काय आहे?”
“भात.”
“आणि?”
“भातच.”

आज्जी ऑनलाइन

किती ग दमतेस. बाळ जागं असेल आणि हसत नसेल तर बोटाला मध लावून चाटवायचा, लगेच चेहरा खुलतो. आमच्या सगळ्यांचे फोटो असेच निघाले.

दुसरी बॅच

आज्जी, रागावू नका हं, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. आपल्याला काही होत नाही, बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात. बॉट्युलिझम म्हणतात. माझ्या सूचनांच्या कागदावर पहिली ओळ हीच आहे.

आज्जी ऑनलाइन

हो का? बरं झालं सांगितलंस. सुनेला आत्ता फोन करते.

चिमूटभर

आज्जी, फोन झाला की सांगा. आम्ही थांबलोय.

पिवळा बलक

अंड्याचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. (थोडंच. बघा.)

फोटोग्राफरच्या घरात अंडी ही काही आजची गोष्ट नाही. १८५० साली ब्लांकार-एव्हरार नावाच्या फ्रेंच माणसाने अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला फोटोचा कागद आणला. पांढरं आणि मीठ घोटून कागदावर, मग वरून सिल्व्हर नायट्रेट. पुढची चाळीसेक वर्षं जगातले बहुतेक फोटो असल्या कागदावर छापले गेले. ४८० कागदांच्या एका रिमला २७ डझन अंडी लागत. जर्मनीत ड्रेस्डेनच्या एका कारखान्याने १८८८ या एका वर्षात १८,६७४ रिमं काढली. मी गुणाकार केला, साठ लाखांच्या वर अंडी येतात.

मग पिवळ्याचं काय करायचं? चामडं कमावणाऱ्यांकडे जायचं. पण घरच्या घरी कागद करणाऱ्यांकडे एवढे बलक साठायचे की १८६१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’त चक्क चीजकेकची कृती छापून आली. ‘फोटोग्राफर्स चीजकेक’ या नावाने!

दुसरी बॅच

म्हणजे उरलेल्याचं काहीतरी करत बसायचं हे आमच्या धंद्यात पहिल्यापासूनच आहे तर. जरा बरं वाटलं.

झोपाळू मांजर

घरातल्या जुन्या फोटोंचा पिवळेपणा आता वेगळ्याच नजरेने बघतेय. अंडंच ते, जुनं होणारच.

पिवळा बलक

@झोपाळू मांजर, खरंच आहे ते. या कागदांचा उजळ भाग पिवळा पडतो त्याला बरंचसं ते पांढरंच कारण.

आणि एक राहिलं, मग जातो. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, एकोणिसाव्या शतकातल्या नावाजलेल्या फोटोग्राफर. जन्म कोलकात्यातला, १८१५ चा. १८६३ च्या डिसेंबरात मुलगी-जावयाने कॅमेरा भेट दिला तेव्हा बाई ४८ वर्षांच्या. इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या घरात कोळशाची खोली झाली डार्करूम आणि काचेचं खुराडं झालं स्टुडिओ. कोंबड्या बाहेर! त्यांना मोकळं सोडलं, कुणी खाल्लं नसावं अशी आशा आहे, असं बाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय. महिनाभरात, जानेवारी १८६४ मध्ये, त्यांना मनासारखा पहिला फोटो मिळाला, ॲनी नावाच्या एका लहान मुलीचा.

चिमूटभर

कोंबड्यांचं काय झालं ते मला माहीत आहे. एवढी माणसं घरात, बाई फोटोत गुंतलेल्या, आणि संध्याकाळी जेवायला काय?

कोपऱ्यातली

मी फोटोग्राफर नाही. आई आहे. दोन मुलं, एक सहा, एक तीन.

आमच्याकडे कॅमेऱ्यामागे नवरा. मी कुठे? कधी पडदा धरून, कधी खाली वाकून मोजे सरळ करत, कधी त्याच्या डोक्यामागे चमचा वाजवत. परवा मोठीने विचारलं, “आई, मी बाळ होते तेव्हा तू गावाला गेली होतीस का?” सगळे अल्बम काढून बसले. दहाव्या महिन्याच्या एका फोटोत डाव्या कडेला माझं कोपर आहे. पीठ लागलेलं. तेवढंच.

दूध उतू जातंय, आले.

खिडकीतला उजेड

@कोपऱ्यातली, एकोणिसाव्या शतकात एक्सपोजर, म्हणजे फोटोसाठी उजेड आत घ्यायचा वेळ, काही सेकंदांचं असायचं, बाळ हलू नये म्हणून आई त्याला मांडीवर धरून बसायची आणि तिच्यावर डोक्यापासून चादर टाकायचे. खुर्ची किंवा पडदा आहे असं भासवायचे. असे फोटो ढिगाने सापडतात. मला पूर्वी त्यात गंमत वाटायची. तुमचं वाचून वाटेनाशी झाली.

आज नवऱ्याच्या हातातून कॅमेरा घ्या. किंवा टायमर लावा, १० सेकंद पुरतात.

दुसरी बॅच

अगदी अगदी. माझ्याकडच्या आया म्हणतात, “मी नको, वजन उतरलं की काढू.” मी म्हणते, तुमचा फक्त हात घेते. मग हात घेता घेता सगळ्यांनाच घेते.

कोपऱ्यातली

दूध गेलंच. पातेलं काळं. कोणाला उपाय माहीत आहे का?

आज्जी ऑनलाइन

पाणी घाल, खायचा सोडा घाल दोन चमचे, उकळ आणि रात्रभर ठेव. तारेच्या घासणीने खरवडू नकोस, चरे पडतात. (सुनेशी बोलले. तिला आधीच माहीत होतं.)

उलटा मीटर

खायच्या सोड्याचं नाव काढू नका. जखम आहे.

इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी एवढ्यावर ब्लॅक अँड व्हाइट रोल डेव्हलप होतो. कॅफेनॉल म्हणतात, १९९५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या एका प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांबरोबर शोधलेली कृती. पुतणीच्या पहिल्या वाढदिवसाचा रोल होता. म्हटलं, घरीच करू, वहिनीला सरप्राइज. धुण्याचा सोडा नव्हता, खायचा होता. म्हटलं, सोडा तो सोडा.

१५ मिनिटं डबा हलवला. वास असा की दादा गॅलरीत जाऊन उभा राहिला. उघडलं तर अख्खी फिल्म कोरी. एका ठिकाणी डोळे ताणून बघितलं तर मेणबत्ती असावी असं वाटतं. वहिनी म्हणते तो डाग आहे.

नंतर कळलं, खायचा सोडा पुरेसा अल्कली नसतो. तोच ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर भाजला की त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडतो आणि धुण्याचा सोडा तयार होतो. म्हणजे उत्तर त्याच स्वयंपाकघरात, त्याच डब्यात होतं! आणि हो, ह्या उद्योगाची भांडी-चमचे कायमचे वेगळे ठेवा. फिक्सरचे (डेव्हलपनंतर फिल्म पक्की करणारं रसायन) तर नक्कीच.

झोपाळू मांजर

वहिनी अजून बोलतात तुमच्याशी?

उलटा मीटर

बोलते. कॉफी विचारत नाही.

तीन तासांत दोनशे

शाळांचे फोटो काढतो. एका मुलाला मिनिटभरही मिळत नाही. “हस” म्हटलं की मूल दात दाखवतं, हसत नाही, हे पहिल्या आठवड्यात कळतं. मी विचारतो, सकाळी काय खाल्लंस? खाण्याच्या विषयावर तोंड मोकळं होतं. एकाने सांगितलं, “भात. काल पण भात. उद्या पण भात.” आणि मग स्वतःच खो खो हसला. क्लिक.

एक मुलगी ओठ घट्ट मिटून. पुढचे दोन्ही दात पडलेले, कोणीतरी चिडवलं होतं. माझा कोपऱ्यातला एक दात तुटका आहे, गाल ओढून दाखवला. तिने तीस सेकंद तपासणी केली. नंतर जे हसली! मागे रांग ओरडत होती, ओरडू दिली.

त्या शाळेने पैसे सात महिन्यांनी दिले, तो भाग सोडा.

माझा डबा म्हणजे ब्रेडमध्ये वेफर्स चुरून. दोन मिनिटांत, गाडीच्या बॉनेटवर. पावाला लोणी लावलं तर सण.

राखाडी कार्ड

मी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही.

बाबा फोटोग्राफर होते. आई कामावरून उशिरा यायची, त्यामुळे संध्याकाळी आम्ही दोघंच आणि त्यांचा स्वयंपाक. कांदा, बटाटा, कालचा ब्रेड कुस्करून, वर अंडं फोडायचं आणि झाकण. मी विचारायचो, काय केलंय? ते म्हणायचे, “काहीतरी.” मला कित्येक वर्षं वाटायचं की पदार्थाचं नावच ते आहे. शाळेत आवडत्या पदार्थावर निबंध होता, मी ‘काहीतरी’वर दीड पान लिहिलं. बाईंनी लाल शेरा मारला, नाव स्पष्ट लिहावे.

दुसऱ्यांच्या मुलांचे हजारो फोटो घरात. माझे नाहीत, असं मी लग्न होईपर्यंत सगळ्यांना सांगत आलो. दोन वर्षांपूर्वी त्यांचं कपाट उघडलं. एका खोक्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं. आत मी. लाइट बघायला मला उभं करायचे ना, हातात १८ टक्क्यांचं राखाडी कार्ड देऊन (तेवढाच उजेड परत फेकणारं, उजेड मोजायला वापरतात ते). चार वर्षांचा मी, कार्ड माझ्या छातीएवढं. सहाचा. सातचा, हाताला प्लास्टर, तरी कार्ड आहेच. शेवटच्यात अकराचा, वैतागलेला, कार्ड एका बोटावर तोललेलं. मागे पडद्याच्या फटीतून गॅस दिसतो, वर कढई.

आख्खं खोकं भरून. एकाही फोटोत मी हसत नाही, आणि प्रत्येकात उजेड एकदम बरोबर आहे.

दुसरी बॅच

बाप रे. शूट पाच मिनिटं थांबवलंय.

कोपऱ्यातली

@राखाडी कार्ड, ब्रेड आधी परतायचा की कांद्याबरोबर?

राखाडी कार्ड

कांदा-बटाटा आधी. ब्रेड शेवटी, नाहीतर लगदा होतो. बाबांचा व्हायचा.

खिडकीतला उजेड

मी काल रात्री केलं. मीठ जरा जास्त पडलं, तरी खाल्लं. ‘टेस्ट’ लिहिलेली दोन खोकी माझ्याही माळ्यावर आहेत. लेक रविवारी येणार आहे, तोवर उघडत नाही.

चिमूटभर

तो बटाटेवाला मुलगा आता केवढा असेल?

खिडकीतला उजेड

तेवीस-चोवीसचा. रस्त्यात दिसला तर ओळखणार नाही. निगेटिव्हमधला असेल तर ओळखेन.

कोपऱ्यातली

आज्जी, पातेलं निघालं. एक डाग राहिलाय, तो चालेल.